चित्र दिसतं ना? मग काढ!

"सर, मला सगळं चित्रात दिसतं, आकडे डोक्यात शिरत नाहीत." हे वाक्य तुझं नाही. मोबाइलवर कुठंतरी वाचलंस आणि वर्गभर मिरवतोयस. बरं, दिसतं चित्रात. उघड वही. एक तरी आकृती आहे? गणिताच्या तासाला तुला चित्र नाही, घड्याळ दिसतं.

घनसावंगीकडचा ना तू? घरची मोसंबी. वीस बाय वीस फुटांवर झाडं. एकरी किती बसतात ते तुझ्या वडिलांना तोंडपाठ, आणि तू म्हणतोस क्षेत्रफळ जड जातं! अरे, गुंठा म्हणजे 33 फुटांचा चौरस. असे 40 मांडले की एकर, 43,560 चौरस फूट. एका झाडाला 400. दे भाग. 108 झाडं. रोज बांधावरून बघतोस तेच कागदावर उतरवायचंय. 23 गुणिले 14? आयत काढ. एका बाजूला 20 आणि 3, दुसरीला 10 आणि 4. चार तुकडे: 200, 80, 30, 12. झाले 322. यात घोकायचं काय होतं?

वाचनाचीही तीच रड. शब्दाचा तोंडवळा बघतोस आणि ठोकून देतोस. 'कमल'चं 'कलम'. 'दिवा'तली वेलांटी डोळ्याला आधी दिसते, तोंडात नंतर येते. 'वर्ग'मधला रफार बसतो 'ग'च्या डोक्यावर, उच्चार मात्र त्याच्या आधी. शब्द अख्खा गिळणारा इथंच फसतो. म्हणून बोट ठेव, फोडून वाच. लहान पोरासारखं दिसतं म्हणतोस? चुकीचं वाचताना नाही वाटत लाज?

43 चे 34 लिहितोस, कारण तोंडात तीन आधी येतात. 2019 मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात 'चाळीस तीन' या धर्तीचं वाचन आणलं, तर लोक खिदळले. त्यांनी तुझ्यासारख्यांचा विचार केला नाही, कबूल. पण तू तरी केलास?

अक्षरं खरोखरच नाचत असतील तर तपासून घेऊ. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आहे. परीक्षेत वाढीव वेळ मिळतो, तो हक्कानं घ्यावा. पण तपासणीचा दिवस ठरला आणि तू बॅट घेऊन पसार! म्हणजे तुला दाखला नको, सबब हवी.

उद्या बागेचा नकाशा आण. मापं टाकून. वाळलेली झाडं वजा कर. आणि वडिलांकडून काढून आणू नकोस, त्यांचं अक्षर मी ओळखतो.