आधी नववीची गुणपत्रिका दाखवा

"मुलगा शाळेच्या संघातून बास्केटबॉल खेळलाय, त्याला अमेरिकेतल्या चांगल्या विद्यापीठात पाठवायचंय, बाई, तुम्ही फक्त शिफारसपत्र द्या," असं म्हणत पालक येतात. मी त्यांच्याकडे नववीची गुणपत्रिका मागते. बहुतेकांना ती सापडत नाही. ज्यांना सापडते ते ती दाखवायला कचरतात. "नववीला कोण विचारतंय? दहावीला बघा ना किती पडलेत," हे उत्तर मला पाठ झालं आहे.

मग आता नीट ऐका. तुम्ही ज्यांची नावं घेऊन येता ती हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी ही मंडळी नववीलाच विचारतात. त्यांना नववी ते बारावी अशा चारही वर्षांचे गुण लागतात, शाळेच्या शिक्क्यानिशी. एका परीक्षेत किती उडी मारली हे त्यांना बघायचं नसतं, चार वर्षं हा मुलगा रोज काय करत होता ते बघायचं असतं. आणि आपल्या सदाशिव पेठेतल्या घराघरांत अभ्यासाचं वेळापत्रक वर्षानुवर्षं एकाच साच्यातलं आहे. नववी ढकलायची, दहावीला जीव तोडायचा, अकरावीला सुटलो म्हणायचं, बारावीला पुन्हा जीव तोडायचा. बोर्डाच्या टक्केवारीपुरतं ते खपून गेलं. पण तुम्ही आता ज्या दाराशी उभे राहणार आहात तिथे चारांपैकी दोन वर्षं तुमच्या हातात रिकामी आहेत.

अकरावीबद्दल तर मला राग आवरत नाही. मुलाचं नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात, मुलगा दिवसभर कुठल्यातरी क्लासमध्ये, महाविद्यालयाचं तोंड पाहायचं ते फक्त प्रॅक्टिकलच्या परीक्षेला. हजेरी कागदावर, गुणही कागदावर. हे तुम्ही स्वतः पैसे भरून विकत घेतलेलं आहे. आता तिकडची पद्धत बघा. न्यू इंग्लंडमधली अ‍ॅमहर्स्ट, विल्यम्स यांसारखी अभ्यासाला कडक महाविद्यालयं प्रशिक्षकाला एखादा खेळाडू आवडला तर त्याची कागदपत्रं आधी प्रवेश कार्यालयाकडे वाचायला पाठवतात. हे वाचन बारावीच्या सुरुवातीला, जुलैपासून होतं. त्या वेळी टेबलावर काय असतं? नववी, दहावी आणि अकरावी. बारावीचा निकाल अजून जन्मालाही आलेला नसतो. ज्या वर्षाला तुम्ही आरामाचं वर्ष म्हणता, त्या वर्षावर तुमच्या मुलाचा निकाल लागतो. प्रशिक्षकाला तो कितीही आवडो, प्रवेश कार्यालय नाही म्हणालं की विषय संपला.

आता त्या "खेळावर फुकट शिक्षण" या वाक्याकडे येऊ. हे वाक्य तुमच्या डोक्यात कुणी भरवलं ते मला ठाऊक आहे. परदेशी प्रवेशाची कामं करणारे सल्लागार आता सगळीकडे आहेत, आणि त्यांच्या रंगीत माहितीपत्रकात बास्केटबॉलचा चेंडू आणि हार्वर्डचं चिन्ह शेजारी शेजारी छापलेलं असतं. पण हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ज्यात येतात त्या आयव्ही लीगची आठही विद्यापीठं खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. एक डॉलरही नाही. तसा त्यांचा आपापसातला करारच आहे. मदत मिळते ती घरच्या उत्पन्नाकडे बघून. एमआयटी, कॅलटेक, जॉन्स हॉपकिन्स बास्केटबॉल खेळतात ते एनसीएए या तिकडच्या महाविद्यालयीन खेळांच्या संघटनेच्या तिसऱ्या श्रेणीत, आणि त्या श्रेणीतही खेळाच्या शिष्यवृत्त्या नाहीत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि अ‍ॅमहर्स्ट परदेशी विद्यार्थ्याला प्रवेश देताना त्याची ऐपत विचारत नाहीत, आणि प्रवेश दिल्यावर गरजेइतकी मदत करतात. गरीब घरच्या हुशार खेळाडूसाठी ही मोठी गोष्ट आहे, आणि ती त्या माहितीपत्रकात कुठेही नाही. कारण अशा घरच्या माणसाला सल्लागाराचे लाखो रुपये परवडत नाहीत.

पूर्ण शिष्यवृत्तीवर खेळायला गेलेल्या भारतीय मुलांची नावं तुम्ही मला ऐकवता. बंगळुरूची संजना रमेश नॉर्दर्न अ‍ॅरिझोनाला गेली, हरसिमरन कौर सॅन डिएगोला, अमान संधू मॉनमाउथला. तिघांचंही मला कौतुक आहे. पण ती पहिल्या श्रेणीची विद्यापीठं आहेत, तिथे शिष्यवृत्ती खेळाची असते, आणि ही मुलं एनबीएच्या अकादमीतून किंवा तिच्या शिबिरांतून घडून गेली. दिल्लीजवळची ती अकादमी २०१७ मध्ये सुरू झाली आणि तिथे देशभरातून वेचलेली मुलं राहून, खाऊन, दिवसरात्र खेळत असत. तुमचा मुलगा आठवड्यातून दोनदा सरावाला येतो. आणि पहिल्या श्रेणीलाही अभ्यास चुकत नाही. एनसीएए तिथे १६ मूळ विषय मागते, त्यांत चारपैकी किमान २.३ ची सरासरी मागते, आणि ते विषय पुन्हा नववी ते बारावीचेच असतात. सतनामसिंगचं नाव तर दरवेळी येतं. होय, २०१५ मध्ये एनबीएतल्या डॅलस मॅव्हरिक्सने त्याला निवडलं. त्याची उंची ७ फूट २ इंच. एवढं असूनही तो एनबीएचा एकही सामना खेळू शकला नाही. ज्या घरात आईबाबा दोघंही साडेपाच फुटांच्या आतबाहेर आहेत, त्यांनी मुलाला हे उदाहरण देऊ नये.

आकडे मांडून बघा, मी गणित शिकवते. एका संघात साधारण १५ खेळाडू, म्हणजे दरवर्षी नवे येणार तीन-चार. आयव्ही लीगचे आठ संघ धरले तर मुलांच्या संघांत सगळ्या जगातून वर्षाला तीसेक जागा. आणि त्या तिसांना आयव्ही लीगचा शैक्षणिक निर्देशांक लागू आहे. शाळेतले गुण आणि एसएटीसारखी चाचणी मिळून तो काढतात, आणि खेळाडूंची सरासरी विद्यापीठातल्या इतर विद्यार्थ्यांच्या सरासरीपासून फार खाली जाऊ देत नाहीत. एमआयटीने मध्यंतरी सोडलेली एसएटी-एसीटीची सक्ती २०२२ मध्ये परत आणली. कॅलटेकचा मुलांचा संघ आपल्या गटात १९८५ पासून ओळीने ३१० सामने हरला. २२ फेब्रुवारी २०११ ला ऑक्सिडेंटल कॉलेजला ४६-४५ असं हरवून ती माळ तुटली. २६ वर्षं हरत राहिले, पण प्रवेशाची पट्टी खाली आणली नाही. अशा लोकांसमोर तुम्ही जिल्हास्तरीय सहभागाचं प्रमाणपत्र ठेवणार आहात.

हे ऐकून काही पालक लगेच दुसऱ्या टोकाला जातात. "म्हणजे बाई, खेळ बंदच करावा ना?" नाही. हाच तर तुमचा खरा गुन्हा आहे, आणि मी सगळ्यात जास्त त्यासाठीच बोलायला बसले आहे.

दहावी सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात १७ वर्षांखालचा आमचा संघ रिकामा होतो. जी मुलं सातवी-आठवीपासून एकत्र खेळली, ज्यांना आता कुठे एकमेकांचे पास न बघता कळायला लागले, ती एकेक करून येईनाशी होतात. घरी विचारलं की "दहावी आहे" एवढंच. वाढीचं वय, ताकद येण्याचं वय, खेळ समजायला लागण्याचं वय, नेमकं तेच तुम्ही काढून घेता. मग त्याच वर्षी सवलतीच्या क्रीडागुणांचा अर्ज भरायला तुम्हीच सर्वांत आधी रांगेत असता. आणि बारावीत परदेशाचं खूळ डोक्यात शिरलं की तोच मुलगा पुन्हा मैदानावर उभा करता, कुणाला तरी सांगून चित्रफीत काढवता. दोन-अडीच वर्षं चेंडूला हात न लावलेला मुलगा कॅमेऱ्यात लपत नाही. प्रशिक्षकाला पहिल्या मिनिटात कळतं.

परदेशच कशाला? आयआयटी मद्रासने २०२४-२५ पासून खेळाडूंसाठी प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात २ जादा जागा ठेवल्या, त्यातली १ मुलींसाठी. खेळांच्या यादीत बास्केटबॉल आहे. अट काय? जेईई अ‍ॅडव्हान्स्डच्या गुणवत्ता यादीत नाव हवं, आणि गेल्या चार वर्षांत राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय पातळीवरचं निदान एक पदक हवं. दोन्ही. दहावीला मैदान सोडून क्लासला बसवलेल्या मुलाकडे पदक नाही. मैदानावर राहून पुस्तक न उघडलेल्या मुलाकडे यादीतलं नाव नाही. आपल्याच देशातली ही दारं उघडली, आणि आपल्या पेठेतली मुलं दोन्हींपैकी एक पाय मोडून घेऊन तिथे जाणार, कारण तो पाय आपण मोडला.

दोन्ही पायांवर चालता येतं. टिळक रस्त्यावरच्या स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे प्रा. दि. ब. देवधर यांनी १९२६ मध्ये मुंबईत गिलिगनच्या एमसीसी संघाविरुद्ध १४८ धावा काढल्या. पुढे त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा सलग दोनदा रणजी करंडक जिंकला. ते तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर शिकवत होते. पुण्याचीच शिरीन लिमये भारताच्या महिला बास्केटबॉल संघाची कर्णधार झाली. दहावीच्या उन्हाळ्यात तिचे बूट माळ्यावर गेले असते तर झाली असती का, याचं उत्तर तुम्हीच द्या. आणि तुम्हाला अमेरिकाच हवी तर बिल ब्रॅडली घ्या. मिसुरीतल्या एका छोट्या गावचा मुलगा. ड्यूक विद्यापीठ त्याला खेळाची शिष्यवृत्ती देत होतं. ती सोडून तो प्रिन्स्टनला गेला, जिथे खेळाचे पैसे मिळत नव्हते. शिकता शिकता १९६४ मध्ये टोकियोला ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं, १९६५ मध्ये ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून ऑक्सफर्ड गाठलं, मग न्यूयॉर्क निक्सकडून १९७० आणि १९७३ अशी दोन विजेतेपदं, आणि नंतर १८ वर्षं अमेरिकेच्या सिनेटमध्ये. त्याला अभ्यास आणि खेळ यांतलं एक निवड असं कुणी सांगितलं नाही.

आता जे बोलते आहे ते एका वडिलांना उद्देशून, पण सगळ्यांनीच ऐका. नववीची गुणपत्रिका "जरा नव्याने" करून देता येईल का, असं मला विचारलं गेलं. फार नाही, गणित आणि विज्ञानातच थोडं, असंही म्हणाले. मुलगा शेजारी उभा होता. त्याच्यासमोर विचारलं. २०१९ मध्ये अमेरिकेत पैसेवाल्या पालकांची टोळी उघडी पडली. मुलांना खोटे खेळाडू ठरवून, प्रशिक्षकांना लाच देऊन येल, स्टॅनफर्ड, सदर्न कॅलिफोर्नियासारख्या विद्यापीठांत घुसवण्याचा तो धंदा होता. तो चालवणाऱ्या रिक सिंगरला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली, आईबाप तुरुंगात गेले, आणि मुलांच्या नावावर तो डाग आयुष्यभरासाठी बसला. आपल्या राज्यातही बोगस क्रीडा प्रमाणपत्रांवर सरकारी नोकऱ्या लाटल्याची प्रकरणं निघाली. इथे गल्लोगल्ली अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेसाठी रात्री जागणाऱ्या, गावाकडून आलेल्या मुलांच्या जागा त्या प्रमाणपत्रांनी खाल्ल्या. मी गुण बदलणार नाही. कुणी शाळेतल्या दुसऱ्या माणसाकडून बदलून घेतले तर त्या मुलाच्या शिफारसपत्रात मी ते लिहीन.

आता तुझ्याशी. मान वर कर.

तू चांगला खेळतोस हे मला माहीत आहे, मी आंतरशालेय सामने बघायला उभी असते. म्हणूनच तुला सांगते आहे, तुझ्या बाबांपेक्षा तुला जास्त. प्रशिक्षकांना जाणारे ईमेल तुझे बाबा लिहितात हे यापुढे चालणार नाही. त्या लोकांना मुलाचं ऐकायचं असतं. स्वतः लिही, साध्या इंग्रजीत, चुका झाल्या तर मला दाखव. तुझी उंची बूट काढून मोज आणि तीच लिही. गाणं लावलेली दोन मिनिटांची चित्रफीत पाठवायची असेल तर पाठव, पण तिच्याबरोबर एक पूर्ण सामना पाठव, हरलेला असला तरी. चेंडू हातात नसताना तू काय करतोस हे त्यांना त्यातच दिसतं. आणि ज्या संघाला लिहितोस त्या महाविद्यालयात काय शिकवतात हे वाचल्याशिवाय लिहू नकोस. गुडघा एका दिवसात निकामी होऊ शकतो. त्यानंतरही चार वर्षं तुला तिथेच शिकायचं आहे, तेव्हा चेंडू नसताना जिथे राहावंसं वाटेल तेच महाविद्यालय निवड.

स्पर्धेमुळे वर्ग बुडाला ही सबब माझ्याकडे चालत नाही. बुडालेला धडा विचारायला तू एकदाही आला नाहीस. परतीच्या बसमध्ये मोबाइल बघतोस, त्या वेळात दहा उदाहरणं होतात. ज्याला मैदानावर पंच दिसल्याशिवाय नियम आठवत नाहीत त्याचे फाउल मोजले जातात. अभ्यासाचंही तसंच मोजणारे तुला पुढे भेटतील.

आणि पालकांनो, तुमच्यासाठी तीनच गोष्टी. अकरावीला मुलाला खऱ्या महाविद्यालयात खरं बसवा. दहावीला संध्याकाळचा सराव बंद करू नका. बंद करायचा तर तिसरा क्लास बंद करा. आणि सल्लागाराला पुढचा हप्ता देण्याआधी त्याला विचारा, की आयव्ही लीगमध्ये खेळाची शिष्यवृत्ती कोणतं विद्यापीठ देतं ते मला लेखी दे. तो देऊ शकणार नाही.

येत्या सोमवारी मधल्या सुट्टीत मी शिक्षक खोलीत आहे. मुलाला एकट्याला पाठवा, नववीची खरी गुणपत्रिका आणि गणिताची वही घेऊन. शिफारसपत्राचं त्यानंतर बघू.