पिंजरा, पाखरे आणि पंचव्यूह

घरी जुळवलेल्या डेस्कटॉप कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये जितकी हवा आत येते तितकीच बाहेर जाते. पुढे आत फुंकणारे तीन पंखे आणि मागे बाहेर टाकणारा एकच असला तरी यात फरक पडत नाही. जास्तीची हवा जाळीतून, स्लॉटच्या फटींतून, पत्र्याच्या सांध्यांतून वाट काढते. म्हणून आवक आणि जावक सारखी करण्याचा खटाटोप मुळातच अनावश्यक आहे, कारण ती सारखीच असते. पंख्यांच्या जागा ठरवताना प्रत्यक्षात ठरतात त्या तीन गोष्टी: हवा कोणत्या दाराने येईल, वाटेत कशाकशाला स्पर्श करेल आणि कोणत्या दाराने जाईल. थोडक्यात, वारा तोच राहतो आणि त्याची मांडणी बदलते. देहातल्या वाऱ्याबद्दल भारतीय दर्शनांनी नेमका हाच प्रश्न विचारला होता. श्वासाची हवा आणि प्राण एकच, की हवा देहात मांडली गेली की ती वेगळी काही होते?

आधी पेटीची गोष्ट. आत फुंकणारे पंखे जोरकस असले तर कॅबिनेटमधला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित वाढतो आणि प्रत्येक फटीतून हवा बाहेर झिरपते. बाहेर टाकणारे जोरकस असले तर दाब घटतो आणि त्याच फटींतून हवा आत शिरते, सोबत धूळ आणि पावसाळ्यात बारीक किडे घेऊन. फिल्टर फक्त पुढच्या पंख्यांवर असतो, फटींवर नसतो. म्हणून दाब थोडा वाढता ठेवणे बरे. हा ‘थोडा’ किती थोडा, हे पाहिले की आश्चर्य वाटते. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटरवर आहे आणि तिथे वातावरणाचा दाब ९४ हजार पास्कलच्या आसपास असतो. कॅबिनेटच्या आतबाहेरचा फरक मोजक्या पास्कलांचा. एवढ्याशा कलाने धुळीची वाट ठरते.

उंचीचा आणखी एक परिणाम होतो. पंखा हवा आकारमानाने ढकलतो, पण उष्णता वाहून नेते ते हवेचे वस्तुमान. ३०० वॅट उष्णता बाहेर काढायची आणि आतली हवा खोलीपेक्षा १० अंशांहून अधिक तापू द्यायची नाही, असे ठरवले तर २५ अंशांच्या खोलीत मुंबईला मिनिटाला सुमारे ५३ घनफूट हवा पुरते. लोणावळ्याच्या विरळ हवेत तेच काम करायला सुमारे ५७ घनफूट लागते. १२० मिलिमीटरच्या साध्या पंख्याच्या खोक्यावर ५०-६० घनफुटांचा आकडा असतो, पण तो मोकळ्या हवेतला. फिल्टर, जाळी, केबलींचा गुंता आणि आडवे आलेले ग्राफिक्स कार्ड ओलांडताना त्यातला बराच भाग गळतो. त्यात पुढच्या बाजूला अगदी वर बाहेर टाकणारा पंखा बसवला, तर नुकतीच आत आलेली गार हवा प्रोसेसरपर्यंत पोचण्याआधीच तो काढून टाकतो. पंखे तितकेच, वीज तितकीच, आवाजही तितकाच. काम मात्र होत नाही.

गरम हवा वर जाते म्हणून वरच्या झाकणाला पंखा हवाच, असे अनेकजण सांगतात. हा युक्तिवाद वाटतो तितका भक्कम नाही. हातभर, म्हणजे ४०-४५ सेंटिमीटर उंचीच्या पेटीत १० अंशांच्या फरकाने निर्माण होणारा वर जाण्याचा दाब पास्कलच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतका असतो. साधा पंखाही १० पास्कलहून अधिक देऊ शकतो. पंखा फिरू लागला की उष्णतेचा स्वाभाविक कल हिशेबातही उरत नाही.

तो कल जिथे खरोखर राज्य करतो ती जागा लोणावळ्यापासून दहा-बारा किलोमीटरवर आहे. कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे ३८ मीटर लांब आणि १४ मीटर उंच आहे. दर्शनी भिंतीत खाली तीन दारे, वर घोड्याच्या नालेच्या आकाराची भव्य खिडकी, आणि मागे सलग कातळ. तिथे बाहेर जाण्याची निराळी वाट नाहीच. पहाटे बाहेरची हवा गार असते तेव्हा ती दारांतून जमिनीलगत आत येते आणि आतली उबदार हवा वरच्या खिडकीतून निघते; उन्हाळ्याच्या दुपारी गार कातळामुळे हाच प्रवाह उलटा वाहू पाहतो. १४ मीटर उंचीवर पाच अंशांचा फरकही दोन-अडीच पास्कल देतो, कॅबिनेटमधल्या आकड्याच्या पंधरापट. लेणे कोरणाऱ्यांनी हे मोजले नव्हते, पण उजेडासाठी कोरलेली खिडकी वाऱ्याचीही वाट झाली. मावळातली ही जागा आणि मनुष्याची छाती यांची जात एक आहे: जी येण्याची वाट, तीच जाण्याची. कॅबिनेटची रचना वेगळी, तिथे एका बाजूने येणे आणि दुसरीकडून जाणे एकाच वेळी चालू असते. जिवंत सृष्टीत असे आरपार फुफ्फुस पाखरांचे असते. हवेच्या पिशव्यांच्या मदतीने त्यांच्या फुफ्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहत राहते.

पाखरांचा उल्लेख इथे केवळ शोभेचा नाही. प्राणाविषयीच्या सर्वांत नेमक्या वादात पाखरांनी भरलेला पिंजराच दृष्टांत म्हणून आला आहे. सांख्यांचे मत असे की पाच प्राण हे स्वतंत्र तत्त्व नसून सर्व इंद्रियांचा मिळून होणारा सामान्य व्यापार आहे. ब्रह्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या पादातील नववे सूत्र सांगते की प्राण म्हणजे नुसता वायूही नव्हे आणि इंद्रियांची क्रियाही नव्हे, कारण श्रुतीने त्याचा उपदेश वेगळा केला आहे. त्यावरील भाष्यात शंकराचार्य सांख्यांची बाजू मांडताना त्यांचा दृष्टांत देतात. एका पिंजऱ्यात अकरा पाखरे आहेत, प्रत्येकाची हालचाल निराळी, तरी सगळी मिळून पिंजरा हलवतात. तसा इंद्रियांच्या एकत्र व्यापारातून प्राण चालतो. आचार्यांचे उत्तर मार्मिक आहे. पाखरांचे फडफडणे आणि पिंजऱ्याचे हलणे एकाच जातीचे आहे, म्हणून तिथे बेरीज होते. पाहणे, ऐकणे यांची श्वसनाशी जात जुळत नाही. कितीही पाहणी-ऐकणी एकत्र केली तरी त्यातून एक श्वास निघणार नाही.

मग प्राण म्हणजे काय? याच भाष्यात उत्तर येते, आणि ते कॅबिनेट जुळवणाऱ्याला ओळखीचे वाटेल. वायूच देहाच्या आश्रयाला येतो, पाच प्रकारे व्यूह रचून विशेष रूपाने राहतो, तेव्हा त्याला प्राण म्हणतात. तो वायूहून निराळे महाभूत नाही आणि नुसता वायूही नाही. शब्द आहे व्यूह. सैन्याची रचना सांगणारा हा शब्द श्वासासाठी वापरला गेला, यात मोठी अचूकता आहे. न्याय-वैशेषिकांनी प्रश्न अधिक साधेपणाने सोडवला होता. त्यांच्या मते शरीरात संचार करणारा वायू तोच प्राण, मुळात एक, केवळ उपाधीमुळे प्राण, अपान, समान, व्यान, उदान अशी नावे घेणारा.

लोखंडी पेटी या वादात साक्ष देऊ शकते, आणि तिची साक्ष थोडी अनपेक्षित आहे. पंखे पाखरांसारखे एकाच जातीचे काम करतात, म्हणजे इथे सांख्यांचा दृष्टांत लागू पडायला हवा; तरीही बेरीज जमत नाही. तेच चार पंखे एका मांडणीत यंत्र गार ठेवतात आणि दुसऱ्या मांडणीत एकमेकांचीच हवा खातात. दोन्ही पेट्यांत हवा तीच, पंख्यांच्या क्रियाही त्याच, फरक फक्त व्यूहाचा. द्रव्य आणि क्रिया यांपलीकडे ‘मांडणी’ म्हणून काही वेगळे मोजावे लागते, इतके या पेटीवरून नि:संशय म्हणता येते. प्राणाचे श्रेष्ठत्व मात्र तिच्यावरून सिद्ध होत नाही. तो दावा श्रुतीच्या बळावर उभा आहे आणि त्याला पंख्यांचा आधार देणे गैर होईल.

प्रश्नोपनिषदात हीच मांडणी राज्यकारभाराच्या भाषेत येते. सम्राट जसा अधिकाऱ्यांना अमुक गावे तुझी, तमुक गावे तुझी असे नेमून देतो, तसा मुख्य प्राण इतर प्राणांना जागा नेमून देतो. अपान खाली, स्वतः प्राण डोळे, कान, मुख आणि नाक यांत, मध्ये समान, नाड्यांमधून व्यान, वर उदान. समान हा अन्नाची वाटणी सारखी करणारा म्हणून समान. इथे ‘सम’ या शब्दाचा अर्थ उलगडतो. गीतेच्या पाचव्या अध्यायातही नाकातून वाहणारे प्राण आणि अपान सम करण्याचे सांगितले आहे. येणारा आणि जाणारा श्वास मापाने सारखा करणे एवढाच याचा अर्थ घेतला, तर त्यात साधण्यासारखे फारसे उरत नाही. दिवसभराच्या हिशेबात छातीतली आवक-जावक तशीही जुळतेच. आपापल्या जागी नेमलेल्या दोन प्रवाहांनी एकमेकांची वाट न अडवणे, हा अर्थ अधिक जवळचा वाटतो.

लोणावळ्यात या प्रश्नाला प्रयोगशाळा मिळाली. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये कैवल्यधामची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू झाले. त्यांच्या आरंभीच्या कामात नौलीचा, म्हणजे पोटाचे स्नायू फिरवण्याच्या योगक्रियेचा, अभ्यास होता. बस्तीच्या क्रियेत पाण्यात बसलेल्या साधकाच्या आतड्यात पाणी वर चढते, ते कोण ओढते? दाबमापक लावल्यावर दिसले की नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या वातावरणापेक्षा खाली जातो. पोटाच्या स्नायूंनी आत जागा मोकळी केली, आणि पाणी ढकलले ते बाहेरच्या वातावरणाने. या निर्वाताला कुवलयानंदांनी आपल्या गुरूंचे, नर्मदाकाठच्या मालसरच्या माधवदासजींचे नाव दिले.

‘ओढणे’ ही क्रियाच इथे नाहीशी होते, आणि कर्तृत्वाचा विचार करणाऱ्याने इथे थांबावे असे हे स्थळ आहे. बाहेर टाकणारा पंखाही हवा ओढत नाही. तो आपल्या पुढची हवा पलीकडे लोटतो, मागे थोडी उणीव निर्माण होते, आणि खोलीतली हवा आपल्याच भाराने पुढच्या दाराने आत येते. श्वास घेतानाही छाती फक्त जागा करून देते. ‘मी श्वास घेतो’ या वाक्यातला ‘घेतो’ त्या अर्थाने अर्धाच खरा आहे.

कुवलयानंदांचा दुसरा निष्कर्षही लक्षात ठेवण्याजोगा. प्राणायामात जास्त प्राणवायू मिळतो म्हणून तो हितकर, ही समजूत तेव्हा रूढ होती, आजही आहे. मोजमाप करून त्यांनी सांगितले की प्राणायामाचे महत्त्व जादा प्राणवायूत शोधू नये. मराठीत ऑक्सिजनला ‘प्राणवायू’ म्हणण्याची रीत पडल्याने हा घोटाळा अधिकच घट्ट झाला आहे. त्या एका शब्दाने शंकराचार्यांनी वेगळ्या ठेवलेल्या दोन गोष्टी पुन्हा एकत्र बांधल्या.

कार्ल्याच्या लेण्यांना शिलालेखांत वलूरक म्हटले आहे आणि तिथल्या महासांघिक भिक्षूंना गावाचे उत्पन्न दिल्याची नोंदही आहे. बौद्ध साधनेतली आनापानस्मृती कैवल्यधामातल्या प्राणायामाहून तत्त्वतः निराळी आहे. आनापानस्मृतीत श्वास बदलायचा नसतो. दीर्घ असेल तर दीर्घ, ऱ्हस्व असेल तर ऱ्हस्व असे जाणायचे, आणि जाणता जाणता त्याला धनी नाही हे पाहायचे. मदरबोर्डवरचा तापमापक आणि त्यावरून पंख्याचा वेग ठरवणारी आज्ञावली यांत असाच भेद आहे. एक नुसते जाणते, दुसरी हस्तक्षेप करते. जाणल्यावाचून केलेला हस्तक्षेप पेटीत तरी वाया जातो. म्हणून पंखे बसवून झाल्यावर एक उदबत्ती पेटवून प्रत्येक जाळीपाशी धरावी. धूर कुठे आत खेचल्यासारखा दिसतो, कुठे परतून पुन्हा आत येतो, भिंतीला चिकटवलेल्या कॅबिनेटमागे कसा घोटाळतो, हे दोन मिनिटांत कळते. पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या पट्ट्या असतात त्या बाजूने हवा बाहेर पडते, हेही तिथेच पडताळून घ्यावे.

दृष्टांत एका ठिकाणी निर्णायकपणे तुटतो. प्रश्नोपनिषद सांगते की देहाच्या नगरीत सगळी इंद्रिये झोपली तरी प्राणांचे अग्नी जागे असतात. कॉम्प्युटर झोपवला की त्याचे पंखेच आधी थांबतात. चालू यंत्रात हवा २५ वरून ३५ अंशांपर्यंत तापते तेव्हा तिची सापेक्ष आर्द्रता जवळजवळ निम्म्यावर येते आणि आतले भाग कोरडे राहतात. थांबलेल्या यंत्रात आषाढ-श्रावणातले लोणावळ्याचे धुके खोलीतून सरळ शिरते, फिल्टरवरची धूळ ओली होऊन तिचा नमद्यासारखा थर बसतो. त्यामुळे घाटमाथ्यावर पावसाळ्याच्या तोंडावर फिल्टर धुऊन, पूर्ण वाळवून बसवावा लागतो, आणि वापर नसला तरी यंत्र रोज अर्धा-पाऊण तास चालू ठेवावे लागते.