नगराबाहेर बसलेला योना

शब्बाथशाळेत योनाची गोष्ट सांगताना आपण बहुधा माशाच्या पोटापाशीच रेंगाळतो. पण गोष्ट संपते ती नगराबाहेर. निनवेने पश्चात्ताप केला, तरी योना मांडवाच्या सावलीत बसून तिच्या नाशाची वाट पाहत राहिला. प्राचीन अवशेष पाहावयास जाणाऱ्या ख्रिस्ती मनुष्याने स्वतःस विचारावे : मी कोठे बसलो आहे?

निनवे पुढे इ. स. पूर्व ६१२ मध्ये पडली. तिच्या टेकड्या इराकातील मोसुल शहरात आहेत. सन्हेरीबाने लाखीश जिंकल्याची, बंदिवानांच्या रांगांची त्याच्या राजवाड्यातील शिल्पे आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. गर्विष्ठाचे घर उन्हाचे झाले, असे म्हणणे सोपे आहे. पण इफिस, सार्दीस, लावदिकीया येथेही आज अवशेषच आहेत, आणि तेथे तर मंडळ्या होत्या!

आता आपल्या जवळचे पाहू. कलबुर्गी जिल्ह्यात भीमेच्या काठी सन्नती आहे. तेथील चंद्रलांबा देवस्थानाच्या आवारातील कालीमंदिराचे छप्पर १९८६ मध्ये कोसळले, मूर्ती भंगली, आणि खालच्या शिळेवर अशोकाचे लेख आढळले. दुसऱ्यांच्या पंथांचाही मान राखावा, सर्व माणसे माझी लेकरे आहेत, असा त्यांचा आशय. बैठक म्हणून वापरलेल्या त्या शिळेवरील बोल कितीतरी काळ कोणी वाचले नव्हते.

“पाहा, मूर्ती फुटली!” असे आपल्यापैकी कोणी म्हणेल. पण शेजाऱ्याच्या पूजास्थानाच्या पडझडीत आनंद मानणे म्हणजे योनाच्या मांडवात जाऊन बसणे होय. शिवाय वचन खाली ठेवून वर दुसरेच काही मांडणे आपणांस अपरिचित आहे काय? घरोघरी कपाटातील शास्त्रावर साचलेली धूळ याचे उत्तर देईल.

मग सत्य व असत्य सारखेच मानावयाचे काय? तसे नव्हे. निनवेस संदेश देण्यासाठी देवानेच योनाला पाठविले होते. संदेश देणे हा त्याचा दोष नव्हता. ऐकणारे वाचले याचे त्यास वाईट वाटले, हा दोष होता.

शिक्षकांनो, मुलांना सन्नतीस किंवा बीदरच्या किल्ल्यावर न्याल, तेव्हा सन-सनावळ्यांबरोबर एवढेही विचारा : येथे राहणाऱ्या लोकांची देवाला कळकळ नव्हती काय? एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे आणि पुष्कळ गुरेढोरे दाखवून देवाने योनाला हाच प्रश्न केला. योनाचे उत्तर त्या पुस्तकात नाही. ते आपणांस द्यावयाचे आहे.