पाचवे कारण

नागपूरच्या धंतोलीत १९२८ पासून असलेल्या रामकृष्ण मठाच्या ग्रंथालयात अभ्यासास बसणाऱ्या तरुणांपैकी एखादा जेव्हा संख्याशास्त्रातील पीएच.डी.साठी अमेरिकेतील विद्यापीठांकडे अर्ज धाडावयास सिद्ध होतो, तेव्हा गुणपत्रके, गणितातील तयारी आणि प्राध्यापकांची शिफारसपत्रे समोर मांडून तो स्वतःस विचारतो, की मला प्रवेश मिळण्याचा संभव किती? प्रश्न व्यवहाराचा दिसतो. वस्तुतः कर्ता आणि फल यांच्या संबंधाविषयीचा तो पुरातन प्रश्न आहे.

ज्या शास्त्राच्या दाराशी हा तरुण उभा आहे, त्या शास्त्रानेही या प्रश्नाची कसून चिकित्सा केलेली आहे. तर्कशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखविले, की एकच मनुष्य एकाच वेळी अनेक समूहांत मोडतो: नागपूरचे पदवीधर, भारतातील अर्जदार, गणितात उत्तम गुण मिळविलेले, आणि प्रत्येक समूहाचे यशाचे प्रमाण निराळे असल्यामुळे त्यांतील ‘माझे’ कोणते, हे ठरविता येत नाही. उलट, कोल्हापूरचे संख्याशास्त्रज्ञ वसंत शंकर हुजूरबाजार केंब्रिजला ज्यांच्या हाताखाली संशोधन करीत होते, त्या हॅरल्ड जेफ्रीज यांच्या मते संभाव्यता ही उपलब्ध पुराव्यावर आधारलेल्या विवेकी विश्वासाची मात्रा होय. ही मते परस्परविरोधी खरी. परंतु पहिल्याप्रमाणे तो आकडा समूहाविषयी बोलतो, दुसऱ्याप्रमाणे आपल्या ज्ञानाविषयी. त्या तरुणाच्या योग्यतेचा निवाडा दोहोंपैकी एकही करीत नाही.

तथापि अनुमान करणे व्यर्थ नव्हे. प्रत्येक ठिकाणी दहांत एक संभव धरून दहा अर्ज केले, तर निदान एक मंजूर होण्याचा संभव सुमारे ६५ टक्के येतो. मात्र दहाही निर्णय परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच. तीच शिफारसपत्रे व तेच गुण सर्व दफ्तरांत जातात, म्हणून एके ठिकाणी जाणवलेले न्यून दुसरीकडेही जाणवते. म्हणून भिन्न स्वरूपाचे विभाग निवडणे व ते न्यून भरून काढणे हाच या हिशेबाचा खरा उपयोग आहे.

कर्ता आणि फल यांच्या त्या पुरातन प्रश्नाविषयी गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवे दैव. येथे अधिष्ठान म्हणजे त्या वर्षीच्या जागा व शिष्यवृत्ती, असा व्यापक अर्थ घेतला, तर करण म्हणजे शिक्षण व शिफारस आणि चेष्टा म्हणजे प्रत्यक्ष परिश्रम. आणि कोणा अनोळखी उमेदवाराने प्रवेशाविषयीचा निर्णय कळविण्याच्या १५ एप्रिलच्या मुदतीपूर्वी नकार कळविल्यामुळे प्रतीक्षायादीतील दुसऱ्यास जागा मिळणे, हे दैव. केवळ स्वतःलाच कर्ता मानणाऱ्यास यथार्थ दर्शन होत नाही, असे गीता लगेच पुढे सांगते. आणि ही दृष्टी प्रवेश मिळालेल्यास जितकी आवश्यक, तितकीच नामंजुरीचे पत्र हाती आलेल्यासही. पहिल्याचा अहंकार आणि दुसऱ्याची आत्मनिंदा ही एकाच अज्ञानाची दोन रूपे होत. चार कारणांचा हिशेब चोख ठेवून जो पाचव्याला त्याची जागा देतो, त्याला नकारानंतरही गणिताचे पुस्तक पूर्वीच्याच निष्ठेने उघडता येते. आणि ज्ञानाच्या उपासनेस याहून मोठी पात्रता लागत नाही.