शाळा सुटल्यावर पुढे काय?



सस्काटूनला आमच्या शेजारी एक कुटुंब राहते. त्यांच्या मुलाला डाउन सिंड्रोम आहे. सस्काचेवान प्रांतात वयाच्या २२व्या वर्षापर्यंत शाळेत जाण्याचा हक्क आहे, त्याप्रमाणे तो गेला. निरोपसमारंभ झाला, केक कापला, फोटो काढले. सुट्टी संपल्यावर पहिल्याच सोमवारी तो डबा घेऊन बसची वाट पाहत दारात उभा राहिला. आता बस येणार नाही, हे त्याला कसे समजवावे ते त्याच्या आईला सुचेना. जन्मभर रोग्यांची सेवा केलेल्या आम्हांलाही सुचेना.

पुढे एका दुकानाने त्याला अनुभवासाठी म्हणून ठेवून घेतले. चार महिने त्याने रिकामी खोकी मोडून रचली. पगार एक पैसाही मिळाला नाही, आणि शेवटी "जागा नाही" म्हणून घरी पाठवले. "निदान वेळ तरी बरा गेला," असे आम्हीच त्याच्या आईला म्हणालो. रात्री मात्र झोप लागेना. आपल्या मुलीला कोणी चार महिने फुकट राबवले असते, तर आपण त्याला फसवणूक म्हटले असते. मग या मुलाच्या बाबतीत तो उपकार कसा ठरतो?

पूर्वी अशा माणसांना मतिमंद म्हणत आणि दूर ठेवत. या प्रांतात मूस जॉ येथे त्यांच्यासाठी १९५५ साली मोठी निवासी संस्था उघडली. व्हॅली व्ह्यू सेंटर या नावाने ओळखली जाणारी ती संस्था २०१९ साली बंद झाली. आपल्या मुंबईत जय वकील शाळा १९४४ सालापासून अशा मुलांना शिकवीत आहे. सस्काटूनमध्ये कॉस्मोपॉलिटन इंडस्ट्रीजच्या माणसांनी वर्षानुवर्षे शहराची रद्दी निवडली. १९८८ साली सुरू झालेल्या सारकन केंद्रांत अपंग माणसे रिकाम्या बाटल्या-डबे घेऊन मोजतात. भारताच्या २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा अपंगांसाठी राखल्या, आणि त्यांत प्रथमच बौद्धिक अक्षमता असलेल्यांनाही वाटा मिळाला. म्हणजे वाट आहे. अडते ते शाळेच्या फाटकापासून त्या वाटेपर्यंतच्या मधल्या पट्ट्यात.

नर्सिंग आम्ही पुस्तकातून कमी आणि वॉर्डात सिस्टरच्या शेजारी उभे राहून जास्त शिकलो. इथेही तेच लागू पडते. शाळेत असतानाच खऱ्या जागी, खऱ्या कामावर न्यावे. बसचा प्रवास शिकवावा. एका कामाचे दहा लहान टप्पे करावेत. शिकवणाऱ्याने प्रथम शेजारी उभे राहावे, मग चार पावले मागे, आणि मग दूर. वर्षभर आधी ही तयारी झाली, तर त्या सोमवारी कोणी दारात उभा राहणार नाही. पैशाचीही एक भीती असते. या प्रांतात अपंगांना मासिक साहाय्य मिळते. कमाई ठरावीक मर्यादेपुढे गेली की ते कमी होते. म्हणून हिशेब आधीच नीट समजून घ्यावा, नाहीतर आईबापच पाऊल मागे घेतात.

कोणी विचारील, ज्याला अजिबात काम जमणार नाही त्याचे काय? त्याची किंमत शून्य का? या प्रश्नाचे उत्तर आपल्या जुन्या नावात आहे असे आम्हांला वाटते. कोकणात आपल्याला शनिवार तेली म्हणत. तेली हे कामाचे नाव, शनिवार हे विसाव्याचे. शब्बाथच्या दिवशी मालक, नोकर आणि घाण्याचा बैलसुद्धा सारखाच थांबे. त्या दिवशी कोणी किती तेल काढले हे कोणी विचारीत नसे. माणसाची किंमत कामाआधीची आहे. काम हा त्याचा हक्क आहे, परीक्षा नव्हे. रंबमने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या, त्यांत सर्वांत वरची पायरी माणसाला स्वतःच्या पायांवर उभे करण्याची. काम देणे तिथे बसते. फुकट राबवणे कुठल्याच पायरीवर बसत नाही.

एक कबुली देतो. आमच्या मावशीचा थोरला मुलगा असाच होता. प्रत्येक मलिद्याला तो तबके उचलायचा. आम्ही त्याच्या हातावर दुप्पट प्रसाद ठेवायचो आणि त्यालाच माया समजायचो. "तुला काय करायला आवडेल?" असे त्याला जन्मात कोणी विचारले नाही. आम्हीही नाही. तो गेला, आता विचारायला तो नाही.

शेजारचा मुलगा सध्या आठवड्यातून तीन सकाळी एका स्वयंपाकघरात भाज्या धुतो. पहिल्या पगाराची चिठ्ठी त्याने आम्हांला दोनदा वाचून दाखवली. तुमच्यापैकी कोणाचे दुकान असेल, दवाखाना असेल, कचेरी असेल. तुमच्याही नात्यात असे एखादे मूल असेल. त्याला आधी विचारा, मग शिकवा, आणि केलेल्या कामाचे दाम हातावर ठेवा.

शालोम.