उसने मौन

एप्रिल १९६२ मध्ये अहमद बेन बेला ट्यूनिसला उतरले. जवळजवळ साडेपाच वर्षांच्या फ्रेंच बंदिवासातून ते नुकतेच सुटले होते आणि अल्जेरियाचे स्वातंत्र्य अडीच-तीन महिन्यांवर येऊन ठेपले होते. तेथे त्यांनी एक वाक्य तीनदा उच्चारले: आम्ही अरब आहोत. हा प्रसंग मी तरुणपणी प्रथम वाचला तेव्हा अंगावर काटा उभा राहिला होता. आज तो आठवला की मनात एक वेगळाच प्रश्न येतो. जी गोष्ट सर्वांना ठाऊक आहे ती तीनदा का सांगावी लागावी? आपण कोणाचे आहोत हे आपण आपल्या घरात तीनदा सांगत नाही.

मला वाटते, त्या त्रिवार घोषणेचे श्रोते दोन होते. एक फ्रेंच सत्ता. आणि दुसरा बेन बेलांच्याच बाजूला उभा असलेला, त्यांच्याच बरोबरीने लढलेला एक भाऊ. मला लिहायचे आहे ते या दुसऱ्या श्रोत्याविषयी. परंतु पहिल्याचा हिशेब आधी मांडला नाही तर सारेच अन्यायाचे होईल.

जून १८३० मध्ये फ्रेंच फौजा सिदी फेरूशच्या किनाऱ्यावर उतरल्या. ५ जुलैला अल्जियर्स पडले. तेथून एकशे बत्तीस वर्षे. अल्जेरिया ही नुसती वसाहत नव्हती. १८४८ पासून कायद्याने तो फ्रान्सचाच एक तुकडा मानला गेला. ज्या धार्मिक इनामांवर पूर्वीच्या पाठशाळा चालत ती इनामे सरकारजमा झाली. १९३८ च्या फर्मानाने अरबी शाळांवरचे परवान्याचे बंधन अधिक आवळले आणि कायद्याच्या लेखी अरबी ही त्या देशात परकी भाषा ठरली. स्वातंत्र्ययुद्ध पेटले त्या १९५४ च्या सुमारास तेथील दहा मुसलमानांपैकी नऊ निरक्षर होते.

या अपमानाने भल्याभल्यांची मती गुंग झाली होती. १९३६ साली फरहात अब्बास या सुशिक्षित पुढाऱ्याने लिहिले की, अल्जेरियन राष्ट्राचा शोध मी इतिहासात घेतला, स्मशानातही घेतला, ते मला कोठे सापडले नाही. त्याला उत्तर दिले कॉन्स्टंटाइनच्या अब्दुल हमीद बेन बादीस या विद्वानाने. त्यांचा आशय असा की, हे राष्ट्र आहे. त्याला त्याचा धर्म आहे, भाषा आहे, इतिहास आहे. आणि ते फ्रान्स नव्हे. पुढे बावीस वर्षांनी, १९५८ मध्ये, अल्जेरियाचे हंगामी सरकार स्थापन झाले तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष कोण झाले? तेच फरहात अब्बास! मेलेल्याला उठवण्याचे बळ ‘अरब’ या नावात होते ते असे.

आणि हे नाव कोत्या मनाचे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. १८६० साली लेबनॉन आणि दमास्कसमध्ये धर्माच्या नावाने रक्तपात झाला, तेव्हा बैरूतच्या बुत्रुस अल्-बुस्तानी या ख्रिस्ती पंडिताने देश आणि भाषा यांची हाक देऊन दुभंगलेल्या शेजाऱ्यांना एकत्र आणू पाहिले. पुढे दमास्कसच्या एका ख्रिस्ती घरातल्या मिशेल अफलक यांनी बाथ पक्षाच्या स्थापनेत पुढाकार घेतला. धर्म वेगळा असला तरी भाषा एक, म्हणून आपण एक, अशी ती भूमिका होती. या विचाराचे मोठे भाष्यकार सातिअ अल्-हुस्री स्वतः तुर्की वळणात वाढलेले. त्यांच्या अरबी उच्चारांत ते वळण अखेरपर्यंत राहिले. त्यांचा सिद्धांत असा की, ज्याची भाषा अरबी तो अरब, मग त्याची तशी इच्छा असो वा नसो.

‘इच्छा असो वा नसो’, या चार शब्दांपाशी मी अडतो. जे दार ख्रिस्ती माणसासाठी उघडले तेच दुसऱ्या कोणावर लागले.

अल्जेरियाच्या डोंगरात अरबांच्या आगमनाआधीपासून राहणारे लोक आहेत. जग त्यांना बर्बर म्हणते. आपल्याकडे तर तो शब्द रानटी याच अर्थाने चालतो. तो त्यांना परक्यांनी दिला. ते स्वतःला अमाझिग म्हणवतात. खुद्द बेन बादीस यांचे घराणे आपले मूळ सन्हाजा या अमाझिग कुळाशी जोडत असे. अल्जियर्सच्या पूर्वेला कबाइल लोकांचा डोंगराळ मुलूख आहे. तेथला क्रिम बेलकासेम युद्ध सुरू होण्याच्या सात वर्षे आधीच, १९४७ साली, बंदूक घेऊन डोंगरात शिरला होता. ऑगस्ट १९५६ मध्ये सुम्माम खोऱ्यात क्रांतिकारकांची जी परिषद भरली आणि जिने विस्कळीत लढ्याला घडी घालून दिली, ती याच मुलखात. आणि तिचा कर्ताधर्ता अबान रमदान हाही कबाइलच.

या लोकांच्या घरातली भाषा अरबी नव्हती. १९४९ मध्ये त्यांच्यातल्या काही तरुण कार्यकर्त्यांनी विचारले की, आपण ‘अरब अल्जेरिया’ऐवजी ‘अल्जेरियन अल्जेरिया’ असे का म्हणू नये? पक्षाने त्यांना फुटीर ठरवून बाहेर काढले.

येथे वाचकाने घाईने निकाल देऊ नये. मीही बराच काळ देऊ शकलो नाही. कारण फ्रेंचांनी नेमकी हीच फट हेरून ठेवली होती. कबाइल हे अरबांहून निराळे, अधिक कष्टाळू, युरोपाला जवळचे, अशी एक दंतकथाच त्यांनी रचली होती. शेजारच्या मोरोक्कोत १६ मे १९३० च्या फर्मानाने अमाझिग टोळ्यांना इस्लामी न्यायव्यवस्थेतून वेगळे काढण्याचा घाट घातला गेला, आणि त्याच्या निषेधातूनच तेथील राष्ट्रीय चळवळीला जोर चढला. फोडा आणि झोडा ही नीती आपल्याला काही नवी नाही. अशा वेळी ‘आम्ही वेगळे’ हा उच्चार शत्रूच्या कानाला गोड लागणार, ही पुढाऱ्यांची भीती खोटी नव्हती. पण सत्य शत्रूच्या तोंडात गेले म्हणून ते असत्य होते काय? माझा खरा प्रश्न हा आहे.

लग्नघरी धाकट्याने आपले दुखणे काढू नये, असे आपण म्हणतो. शहाणा धाकटा तेवढे पाळतोही. त्यात त्याचा मोठेपणा असतो. परंतु मांडव उतरल्यावर थोरल्याने त्याच्याजवळ बसून विचारायला हवे की, बाबा, तुला काय होत होते? तो गप्प राहिला याचा अर्थ त्याला काही दुखत नव्हते, असा थोरल्याने करून घेतला तर तो अप्रामाणिकपणा होय. लढ्यात मागितलेले मौन हे उसने असते. ते दान समजून पचवता येत नाही.

अल्जेरियात मांडव उतरला, पण विचारपूस झाली नाही. अबान रमदान तो दिवस पाहायला उरलाच नव्हता. डिसेंबर १९५७ मध्ये सहकाऱ्यांनीच मोरोक्कोत त्याला मारले आणि पुढे तो रणात पडल्याचे जाहीर केले. १९६३ च्या संविधानाने अरबी हीच एकमेव राष्ट्रीय आणि राजभाषा ठरली. मालेक हद्दाद या कवीला शाळेने फक्त फ्रेंच दिली होती. ती भाषा त्याला वनवासासारखी वाटे. स्वातंत्र्यानंतर त्याने फ्रेंचमध्ये कादंबरी लिहिणे थांबवले. त्याचे मौन स्वेच्छेचे होते. इतरांचे तसे नव्हते. मार्च १९८० मध्ये तिझी उझू विद्यापीठात मुलूद मामरी हे लेखक प्राचीन कबाइल कवितेवर व्याख्यान देणार होते. ते बंद पाडण्यात आले. कवितेवरचे व्याख्यान! त्यातून जो असंतोष पेटला त्याला ‘अमाझिग वसंत’ म्हणतात. २००१ मध्ये पुन्हा उठाव झाला आणि शंभराहून अधिक माणसे मेली. अमाझिग भाषेला राष्ट्रीय भाषेचा मान २००२ मध्ये मिळाला, राजभाषेचा २०१६ मध्ये. तरीही २०१९ च्या मोर्चांत अमाझिग झेंडा हाती धरल्याबद्दल माणसे तुरुंगात गेली. आणि ज्या १९६२ साली अल्जेरिया मुक्त झाला त्याच साली सीरियातल्या हसका प्रांतात एका दिवसाच्या शिरगणतीने सुमारे एक लाख वीस हजार कुर्दांचे नागरिकत्व गेले.

हे दोन अन्याय एका मापाचे नाहीत. वसाहतवादाने लाखो माणसे मारली. त्याची बरोबरी व्याख्यानबंदीशी करणे म्हणजे मृतांची थट्टा होईल. पण युक्तिवाद ओळखीचा वाटतो. तुमचे वेगळे असे काही नाहीच. असलेच तर ते घरात ठेवा. हे वाक्य ज्यांनी एकशे बत्तीस वर्षे ऐकले, तेच ते बोलू लागले. मार खाल्लेल्या माणसाला दुसऱ्याची वेदना आपोआप कळते, असे मी पूर्वी समजत असे. आता तसे वाटत नाही. वेदना कळायला प्रयत्न लागतो, आणि विजयाच्या दिवशी तो कोणालाच करवत नाही.

मी तरी कोठे केला होता? १९६६ साली मी मुंबईत विद्यार्थी होतो. गोव्यात विलीनीकरणाचा कौल व्हायचा होता. वसतिगृहातल्या माझ्या खोलीत एक गोमंतकीय मित्र राहत असे. शाळेत मराठीतच शिकलेला, मराठी कवितांवर माझ्याहून अधिक प्रेम करणारा. मी त्याला ठणकावून सांगे, ‘कोकणी ही मराठीचीच बोली. तुला इतकं उत्तम मराठी येतं, म्हणजे तू मराठीच.’ अल्-हुस्रींचे नावही तेव्हा मला ठाऊक नव्हते! एकदा तो शांतपणे म्हणाला, ‘तू म्हणतोस ते व्याकरणात बसत असेल रे. पण माझी आवय माझ्याशी मराठीत बोलली नाही.’ मी हसलो. तो पुढे काही बोलला नाही, आणि मी समजलो की वाद मी जिंकला.

जानेवारी १९६७ चा कौल विलीनीकरणाविरुद्ध गेला. १९८७ च्या कायद्याने कोकणी गोव्याची राजभाषा झाली. मराठीलाही त्यात वाव राहिला. त्या वर्षी मी त्याला अभिनंदनाच्या चार ओळी लिहिल्या आणि पाचव्या ओळीत त्या हसण्याबद्दल क्षमा मागितली. एकवीस वर्षे उशिरा, तीही तो जिंकल्यावर. यात माझा मोठेपणा काही नाही. त्याने मागण्याआधी, त्याची बाजू दुबळी असतानाच ती मागितली असती तर तिला काही मोल असते.

त्याचे उत्तर आले ते पहिल्यांदाच कोकणीत. इतकी वर्षे तो मला मराठीतच लिहीत होता. पत्र सारे समजले. दोन शब्द तेवढे अडले. त्या दोन शब्दांचे अर्थ विचारायला मी त्याला पुन्हा पत्र टाकले.