पाहुणा आणि 'गेस्ट'

दिवाळीत घर भरलं होतं. दोन भाचे, एक पुतणी, तिघांचे तीन लॅपटॉप. आईच्या जुन्या फोटोंचं मी स्कॅन केलेलं फोल्डर सगळ्यांना बघता यावं म्हणून घरच्या नेटवर्कवर शेअर केलं. प्रत्येक लॅपटॉप पासवर्ड मागू लागला तेव्हा वैतागून पासवर्डची अटच काढली आणि 'एव्हरीवन'ला 'रीड/राइट' देऊन मोकळा झालो. भाऊबीज आटोपली, मंडळी गेली, आणि मग दिसलं की अर्धे फोटो गायब. रिसायकल बिन उघडलं, तेही रिकामं. नेटवर्कवरून पुसलेली फाइल तिथं जातच नाही. पुसली कुणी? संगणकाच्या लेखी आलेले सगळे एकच होते: गेस्ट.

या शब्दाशी माझं भांडण आहे ते तेव्हापासून. आपल्याकडे पाहुण्याला नाव असतं, गाव असतं. 'कुठल्या गावचे पाहुणे?' हे विचारल्याशिवाय चहाचं आधणसुद्धा चढत नाही. तिथी न ठरवता येणारा तो अतिथी, पण त्याचीही विचारपूस होतेच. संगणकाचा गेस्ट मात्र बिननावाचा. 2001च्या विंडोज एक्सपीतल्या 'सिंपल फाइल शेअरिंग'मध्ये नेटवर्कवरून येणारा कुणीही गेस्टच धरला जाई, आणि होम आवृत्तीत ती पद्धत बंदही करता येत नसे. 2009च्या विंडोज 7नं 'होमग्रुप' आणला. घरभर एकच पासवर्ड, म्हणजे पुन्हा बिननावी कारभार. 2018मध्ये विंडोज 10मधून तोही काढला गेला.

नाव विचारणं हा मला अविश्वास वाटत नाही. तीच आदरातिथ्याची सुरुवात आहे. म्हणून आता माझ्या संगणकावर प्रत्येकाचं वेगळं खातं आहे. आईचे फोटो फक्त बघण्यासाठी. कुणाला आपले टाकायचे असतील तर शेजारी 'आवक' नावाचं दुसरं फोल्डर, तिथं लिहायची मुभा. एक खोच मात्र ध्यानात ठेवावी लागते. शेअरची परवानगी वेगळी आणि डिस्कवरच्या फोल्डरची वेगळी. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही लागू होतात. घरातल्या दोन वडीलधाऱ्यांपैकी जो जास्त कडक, त्याचंच चालतं. ज्याला नुसतं इंटरनेट हवंय, त्याच्यासाठी राउटरचं वेगळं गेस्ट वायफाय असतं. ते साधारणपणे आतल्या संगणकांपर्यंत पोचू देत नाही.

धाकटा भाचा फोनवर म्हणाला, "मामा, आम्ही काय परके आहोत का?" नाहीस, म्हणून तर तुझ्या नावाचं खातं उघडलं. परका असतास तर गेस्टच राहिला असतास. आजीचा अल्बम बघायला कपाटाची किल्ली तूही कधी मागितली नव्हतीस.

मूळ फोटो आईच्या ट्रंकेत होते, म्हणून निभावलं. रोज रात्री दहा-बारा पुन्हा स्कॅन करतो आहे.